कॅमेऱ्यामागचा आवाज

भुताचे सिनेमे बघणं मी केव्हाच सोडलं होतं. भीती वाटते म्हणून नाही, उलट वाटत नाही म्हणून. दार करकरतं, मांजर अंगावर उडी मारतं, मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवतं आणि तो हिरोच निघतो... किती वेळा फसायचं माणसानं?

तर झालं असं की २०२५च्या ऑक्टोबरात मी धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीत, एडिसनला होतो. दिवाळी नुकतीच झालेली. तिच्या घराच्या ओसरीवर एका बाजूला आकाशकंदील लटकत होता आणि त्याच्याच खाली पायरीवर दात विचकणारा कोरलेला भोपळा बसला होता. दोघांचं भांडण वगैरे काही दिसलं नाही. हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबर. त्या संध्याकाळी चेटकिणी, सांगाडे आणि दोन-तीन स्पायडरमॅन दारात येऊन चॉकलेटं घेऊन गेले. बहीण परात घेऊन बसली होती. (हो, परात. शहाद्याहून नेलेली, पितळेची.)

रात्री भाचा म्हणाला, "मामा, आज भुताचा सिनेमा बघायचा असतो. रूल आहे. तू घाबरणार नाहीस ना?" मी म्हटलं, लाव.

सिनेमाचं नाव 'व्हीएचएस/हॅलोविन'. 'व्हीएचएस' नावाची ही मालिका २०१२ साली सुरू झाली आणि हा तिचा आठवा भाग. ३ ऑक्टोबर २०२५ला 'शडर' या वाहिनीवर आलेला. ही मालिका म्हणजे एका सिनेमात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी, प्रत्येकीचा दिग्दर्शक वेगळा. आपल्याकडे रामगोपाल वर्माने 'डरना मना है' (२००३) काढला होता ना, साधारण तसं. पण इथे आणखी एक अट आहे. सगळं चित्रण 'सापडलेलं' असायला हवं. म्हणजे गोष्टीतल्याच कोणीतरी हातात कॅमेरा धरून ते टिपलेलं, आणि नंतर ती टेप कोणाला तरी मिळालेली. याला फाउंड फुटेज म्हणतात. 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने १९९९ साली ही तऱ्हा जगभर नेली. तीन पोरं चेटकिणीवर माहितीपट करायला जंगलात जातात, परत येत नाहीत, फक्त त्यांच्या टेपा सापडतात.

या सिनेमातल्या गोष्टी कमी-जास्त आहेत. एकीत, १९८२ साली एक कंपनी भुताटकीचं शीतपेय तयार करून माणसांवर त्याची चाचणी घेते. एकीत, 'प्रत्येकी एकच' अशी पाटी असलेल्या वाडग्यातून जास्तीचं चॉकलेट उचलणाऱ्यांची धडगत राहत नाही. (ही बघताना बहिणीने मुलाकडे सहेतुक पाहिलं.) एक पाको प्लाझा या स्पॅनिश दिग्दर्शकाची, ज्याने २००७चा 'रेक' जोडीने केला होता. एकीत दरवर्षी हौसेने घरात भुताचा देखावा मांडणारा बाप आहे, आणि एका वर्षी तो देखावाच जिवंत होतो. गणपतीची आरास करणाऱ्या सगळ्या बापांना हा माणूस ओळखीचा वाटेल.

पण मला धरून ठेवलं ते 'किडप्रिंट' या गोष्टीने. दिग्दर्शक अॅलेक्स रॉस पेरी, काळ १९९२. गावातली मुलं हरवताहेत. व्हिडिओचं एक दुकान आईबापांसाठी मुलांच्या टेपा करून देतं. मूल कॅमेऱ्यासमोर उभं राहून आपलं नाव, वय वगैरे सांगतं, म्हणजे उद्या हरवलं तर पोलिसांना दाखवायला टेप हाताशी. ही कल्पना मनची नाही बरं का. अमेरिकेत त्या काळी ब्लॉकबस्टरच्या दुकानांतून खरोखर अशी सोय होती. गोष्टीत पुढे जे होतं ते सांगत नाही, भयंकर आहे आणि मला ते पूर्ण बघवलंही नाही. पण ती मुलं, जरा लाजत, जरा वेडावत, थेट कॅमेऱ्यात बघणारी... ती बघताना मला एकदम आमची कॅसेट आठवली.

आमची म्हणजे शहाद्याच्या घरात, आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली पडलेली. वर चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत अण्णांचं अक्षर : 'मंदाचे लग्न १९९१'.

आता जरा मागे जातो.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली जुलैच्या १ तारखेला झाला. त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यातच. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आमच्याकडे आले ते सुरतेच्या बाजूने, ताप्ती व्हॅलीच्या गाडीतून. शहाद्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ चालायचा. सतरंजीवर बसायचं, दोन रुपये द्यायचे. शिवाय लग्नसराईत कोणीतरी रात्रभरासाठी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचं आणि सकाळपर्यंत तीन पिक्चर 'काढायचे'. त्यातला तिसरा हमखास भुताचा, कारण तोवर बायका झोपलेल्या असत. रामसे बंधूंचे 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) मी असेच बघितले. 'वीराना'त एक चेटकीण पोरीच्या अंगात शिरते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि तो सिनेमा मला पाठ होता. आवाजासकट.

अण्णा मोलगीच्या पुढे, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेवर शिक्षक होते. आम्ही शहाद्याला, ते तिकडे. सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो. शाळेपासून हाकेच्या अंतरावर एक पाडा होता आणि पाड्याच्या कडेला एकट्या म्हातारीचं घर. ती शाळेतल्या पोरांना मोहाची फुलं भाजून द्यायची, कधी भगरीची भाकर. अण्णांच्या डब्यात तिच्याकडची भाजी असायचीच. आम्ही तिला याहा म्हणायचो. तिकडच्या भिल्ली बोलीत याहा म्हणजे आई. त्यांची कुलदेवीही याहामोगीच.

१९९१ साली मंदामावशीचं लग्न झालं आणि शहाद्यातल्या एका स्टुडिओवाल्याने त्याची शूटिंग केली. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा, लग्नघरात नवरीपेक्षा त्याच्याचकडे लोकांचं लक्ष. तीन तासांच्या कॅसेटमध्ये लग्न अडीच तासांत संपलं. उरलेल्या जागेचं काय करायचं? अण्णांनी त्या स्टुडिओवाल्याला होळीला आपल्याबरोबर डोंगरात नेलं. मीही गेलो.

सातपुड्यातली होळी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. काठीची राजवाडी होळी आता टीव्हीवर दाखवतात, पण होळी पाड्यापाड्यांवर असते. आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात. मग उंच बांबू उभा करतात, रात्रभर ढोल आणि नाच, आणि पहाटे उजाडण्याच्या बेताला होळी पेटते. पुरुष नवस बोलून बावा आणि बुध्या होतात. अंगभर पांढरे ठिपके नि वर्तुळं, डोक्यावर बांबूचा नि मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. चालले की खुळखुळ असा आवाज दुरून यायला लागतो. दिवसा हेच गडी जमिनीत राबणारे आपले ओळखीचे. पण त्या वेषात ओळखू येत नाहीत, आणि खरं सांगतो, अंधारात आवाज जवळ आला की पोटात गोळा येतो. ते पथ्यं पाळतात. खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ नाही, पायात काही घालायचं नाही, बायकोपासून दूर. पाच दिवस गावोगाव नाचायचं, फाग मागायचा. नवस फिटला की रंग धुवायचा, टोप उतरवायचा, परत माणसांत.

एडिसनच्या ओसरीवर हे सगळं आठवून मला हसू आलं होतं. सोंग घ्यायचं, दारोदार जायचं, काहीतरी मागायचं, भोपळासुद्धा आहे! फरक इतकाच की तिकडे भोपळा पायरीवर आणि आमच्याकडे कमरेला. आपल्या भीतीला वर्षातून एकदा तोंड रंगवून नाचवायचं आणि मग धुऊन टाकायचं, हे माणसाला सगळीकडेच लागत असावं.

पण आमच्याकडे एक सोंग असं आहे, जे कोणी स्वतःहून घेत नाही आणि ते धुतलंही जात नाही.

डाकीण.

त्याच वर्षी पावसाळ्यात याहाच्या शेजारच्या घरात दोन मुलं लागोपाठ गेली. ताप, हातपाय दुखणं, पोट दुखणं. आज आपल्याला ठाऊक आहे की या डोंगरातल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. आई आणि बाप दोघांकडून तो दोष आला तर मुलाला आजार होतो, म्हणून एकाच घरातली दोन-दोन मुलं जाऊ शकतात. त्या पोरांना तोच आजार होता की मलेरिया की आणखी काही, कोणी तपासलंच नव्हतं. डॉक्टर लांब, रस्ता नाही, नदीला पूर. जवळ होता तो बडवा. त्याने दाणे टाकले, बघितलं आणि दिशा सांगितली. त्या दिशेला एकच घर होतं. एकटी, विधवा, आणि नावावर थोडी बरी जमीन. डाकीण बहुतेक वेळा अशीच कोणीतरी निघते, हा योगायोग नाही.

तिला मारलं. किती ते अण्णांनी मला कधी सांगितलं नाही. रात्रीतून ती गुजरातेत लेकीकडे निघून गेली. अण्णा पाड्यावर बोलायला गेले होते. "गुरुजी, तुम्ही शाळा शिकवा," असं त्यांना सांगण्यात आलं. ते परत आले आणि त्यांनी शाळा शिकवली. पुढे आणखी १३ वर्षं. याहा दोन-तीन वर्षांत लेकीकडेच वारली असं कळलं. जमीन कोण कसतं, तेही कळलं.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या प्रथेविरुद्ध सातपुड्यात पायी फिरले आहेत. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर चार दिवसांनी सरकारने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून छळणं हा आता गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. कायदा झाल्यावरही डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या बातम्या येत राहिल्या. तरी कायदा नव्हता त्या काळात अण्णांनी कोणाकडे जायचं होतं, हा प्रश्न मी त्यांच्या वतीने बरेचदा विचारला आहे. ते २०१४ साली गेले. तोवर त्यांनी स्वतः तो विचारला नाही. सबब म्हणूनही नाही.

असो. तर भारतात परत आलो आणि पहिलं काम म्हणजे कपाटातून ती कॅसेट काढली. आता व्हीसीआर आणायचा कुठून? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली शेवटचे व्हीसीआर बनवले आणि धंदा मिटला. शेवटी नंदुरबारात एक जुना स्टुडिओवाला सापडला, ज्याने एक चालू मशीन जपून ठेवलं होतं. कॅसेट उघडून बघितली आणि म्हणाला, "बुरशी चढलीय, पण बघू." दोन दिवसांनी त्याने पेनड्राइव्ह हातात ठेवला.

आईबरोबर बसून बघितलं. लग्न बघताना ती प्रत्येक चेहऱ्याशी थांबत होती. हा गेला, ही गेली, ही सुरतेला असते. मग अक्षता पडल्या, जेवणावळी झाल्या, पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम काळोख. काळोखात ढोल.

वीज नव्हती तिकडे. पेट्रोमॅक्सचा आणि शेकोट्यांचा उजेड. बुध्ये नाचत येतात, आधी घुंगरं, मग ठिपके, मग माणूस. चित्र हलतंय, वर-खाली पट्टे येताहेत. भाच्याच्या त्या सिनेमात हे पट्टे मुद्दाम घालावे लागतात. आमच्यावर बुरशीने घातले होते.

आणि मग याहा. चाळीसएक सेकंद असेल. शेकोटीच्या उजेडातून ती सरळ कॅमेऱ्याकडे येते. त्या यंत्रात काय आहे हे तिला बघायचंय. अगदी जवळ येते, इतकी की चेहरा धूसर होतो. बोटाने काचेला हात लावते. काहीतरी विचारते आणि हसते. तोंडात दोन-चारच दात. सबंध चेहऱ्याने हसते.

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागून एका पोराचा आवाज येतो, नाटकी घोगरा काढलेला : "डाकीण आली रे! डाकीण आली! पळा!" आणि पोरांचं खिदळणं, पळणारे पाय. याहा आवाजाच्या दिशेने बघते. हसू अजून तसंच आहे, पण आता त्याच्यापुढे काय करायचं ते चेहऱ्याला कळत नाहीये. मग स्टुडिओवाला कॅमेरा वळवतो आणि पुन्हा बुध्ये.

आई म्हणाली, "हाऊ ते तुनाच आवाज शे."

माझाच होता. 'वीराना'तला आवाज. मी तेव्हा तिथल्या पोरांना तो सिनेमा रंगवून रंगवून सांगितला होता हे मला आठवत होतं, अभिमानाने आठवत होतं. पण हे आठवत नव्हतं. ३४ वर्षांत एकदाही नाही.

मी स्वतःला उगाच मोठं करत नाही. बारा वर्षांच्या शहरी पोराच्या ओरडण्याने पाड्यावर काही घडत नाही. बडव्याला रामसे बंधूंची गरज नव्हती, तो शब्द माझ्याआधी शेकडो वर्षं त्या डोंगरात होता. पण होळी फाल्गुनातली आणि दाणे टाकले श्रावणात. म्हणजे त्या वर्षी, चारचौघांत, तिच्या तोंडावर तो शब्द आधी कोणी उच्चारला? माझ्याकडे पुरावा आहे तो एकाचाच.

फाउंड फुटेजच्या सिनेमात एक गोष्ट आपण गृहीत धरतो. कॅमेऱ्यासमोर जे येईल ते भूत, आणि कॅमेऱ्यामागे असतो तो बिचारा माणूस. भीती नेहमी समोरून येते. 'किडप्रिंट'ने मला अस्वस्थ केलं ते बहुधा याचसाठी, की तिथे भीती समोरच्या मुलांकडून येत नाही. आमच्या कॅसेटमध्येही समोर फक्त एक कुतूहलाने आलेली म्हातारी आहे.

अण्णांचा एक जुना विद्यार्थी मोलगीला असतो. त्याच्याकडून याहाच्या नातवाचा पत्ता लागला. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो, होळीला घरी येतो. फोनवर बोललो. आजीची शूटिंग आहे म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, आमच्याकडे तिचा फोटो नाही. कुठून असणार? देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, पण याहा त्याच्या कितीतरी आधी गेली. तिचा चेहरा जगात कुठे नोंदला असेल तर तो या चाळीस सेकंदांत.

स्टुडिओवाल्याने मला विचारलं, "सर, तो मागचा आवाज काढून टाकू का? नुसते ढोल ठेवतो, चांगलं वाटेल." त्याने तशी एक फाइल करूनही दिली. खरंच चांगली झाली आहे. म्हातारी येते, हसते, ढोल वाजतायत. कोणालाही बघायला आवडेल. आठ-दहा दिवस मी तीच देणार होतो. नातवाला उगाच त्रास कशाला, असं स्वतःला सांगत होतो. त्रास कोणाला वाचत होता ते उघड आहे.

पण त्या फाइलमध्ये ती शेवटी वळून का बघते, ते कळत नाही. चेहरा असा का होतो, ते कळत नाही. तिच्याबरोबर जे झालं त्याची एवढी एकच नोंद आहे आणि तीही मी पुसायची?

होळीला जाणार आहे. आवाजासकट देणार आहे. आणि तो आवाज कोणाचा, तेही तिथेच सांगणार आहे.